लाल माती आणि सट्ट्याचे गणित

फ्रेंच खुली टेनिस स्पर्धा दरवर्षी मेच्या अखेरीस पॅरिसमध्ये सुरू होते आणि जूनच्या पूर्वार्धात संपते. ती जिथे खेळवली जाते ते रोलाँ गारो संकुल १९२८ साली डेव्हिस चषकाच्या लढतीसाठी उभारले गेले. भूमध्य समुद्र विमानाने पहिल्यांदा ओलांडणाऱ्या फ्रेंच वैमानिकाचे नाव त्याला देण्यात आले. चार ग्रँड स्लॅम स्पर्धांपैकी मातीच्या कोर्टवर होणारी ही एकमेव स्पर्धा आहे. पुरुष आणि महिला एकेरीत प्रत्येकी १२८ खेळाडू असतात. विजेत्याला बाद पद्धतीच्या सात फेऱ्या जिंकाव्या लागतात. म्हणजे केवळ एकेरीचेच २५४ सामने सुमारे पंधरा दिवसांत उरकतात. टेनिसचा सामना अनिर्णित सुटत नाही. निकाल दोनच शक्य असतात आणि प्रत्येक गुणाची वेगळी नोंद होते. खेळाच्या या रचनेमुळे टेनिस हा जगभरच्या कायदेशीर आणि बेकायदा सट्टेबाजारातला एक मोठा खेळ झाला आहे.

भावात दडलेली शक्यता

युरोपात भाव दशांशात सांगतात. एखाद्या खेळाडूचा भाव १.२५ असेल आणि तो जिंकला, तर १०० युरो लावणाऱ्याला १२५ युरो मिळतात. त्यात त्याचे स्वतःचे १०० युरो धरलेले असतात, म्हणजे नफा २५ युरोंचा. भावाने १ ला भागले की त्या भावाने गृहीत धरलेली शक्यता कळते. १.२५ या भावाची शक्यता ८० टक्के येते. प्रतिस्पर्ध्याचा भाव ४.०० असेल तर त्याची शक्यता २५ टक्के. दोन्हींची बेरीज १०५ होते. वास्तवात दोघांच्या शक्यतांची बेरीज १०० पेक्षा जास्त असूच शकत नाही. हे वरचे ५ म्हणजे बुकीचा वाटा. तो दोघांवर सारख्या प्रमाणात चढवला आहे असे धरले, तर वाटा नसलेले भाव १.३१ आणि ४.२० झाले असते. त्यामुळे कोणताही अभ्यास न करता पैसे लावणारा माणूस दीर्घकाळात प्रत्येक १०० युरोंमागे सुमारे पावणेपाच युरो गमावतो.

संपूर्ण स्पर्धेचा विजेता कोण, यावरच्या सट्ट्यात १२८ नावांचे भाव असतात. तिथे ही बेरीज १०५ वर थांबत नाही, बरीच पुढे जाते. तळाच्या खेळाडूंना दिलेला ५०० किंवा १००० चा भाव डोळ्यांत भरतो, पण त्यांची खरी शक्यता बहुधा त्या भावातून निघणाऱ्या शक्यतेहूनही कमी असते. दुबळ्या स्पर्धकावर लोक गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात, हे घोड्यांच्या शर्यतींत फार पूर्वी दिसून आले होते. टेनिसच्या भावांतही तो कल आढळला आहे.

सुरुवातीचा भाव संख्याशास्त्रीय प्रारूपांवरून ठरतो. त्यानंतर येणारा पैसा, इतर कंपन्यांचे भाव आणि दुखापतींच्या बातम्या यांच्यानुसार तो हलतो. २००० साली सुरू झालेल्या बेटफेअरसारख्या एक्स्चेंजवर ग्राहक एकमेकांविरुद्धच पैसे लावतात. एक जण खेळाडू जिंकण्यावर लावतो, दुसरा तो हरण्यावर. मुंबईच्या सट्टेबाजारातली लगाई आणि खाई हीच. एक्स्चेंज चालवणारी कंपनी जिंकलेल्या रकमेवर दलाली घेते. भाव कोणत्याही मार्गाने ठरलेला असो, सामना सुरू होईपर्यंत सर्वांना ठाऊक असलेली माहिती त्यात मिसळलेली असते. अमुक खेळाडू मातीवर चांगला खेळतो एवढ्या ज्ञानावर नफा होत नाही, कारण त्या ज्ञानाची किंमत भावाने आधीच वसूल केलेली असते.

माती काय बदलते

रोलाँ गारोचे कोर्ट लाल दिसते ते विटांच्या भुकटीमुळे. हा वरचा थर जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा असतो. त्याखाली दाबलेली चुनखडी, जळालेल्या कोळशाचे अवशेष, खडी आणि सर्वांत खाली दगड असे थर असतात. चुनखडीचा थर पाणी धरून ठेवतो, म्हणून कोर्टवर नियमित पाणी मारले जाते.

या पृष्ठभागावर टप्पा पडताना घर्षण जास्त होते. चेंडूचा आडवा वेग घटतो आणि तो गवतापेक्षा उंच उसळतो. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ कोर्टची वेगानुसार पाच गटांत विभागणी करतो. त्यात मातीची कोर्ट सहसा सर्वांत संथ गटात मोडतात. गवतावर थेट गुण मिळवून देणारी सर्व्हिस इथे परत येते. बिनतोड सर्व्हिस कमी होतात, रॅली लांबतात आणि सर्व्हिस करणाऱ्याचा वरचष्मा घटतो. त्यामुळे सर्व्हिस भेदली जाण्याचे, म्हणजे ब्रेकचे, प्रसंग वाढतात. टॉपस्पिनचा उंच फटका मारणारा, घसरत चेंडूपर्यंत पोहोचणारा आणि तासन्‌तास बेसलाइनवर टिकणारा खेळाडू इथे वरचढ ठरतो. पीट सॅम्प्रसने १४ ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदे मिळवली. पॅरिसमध्ये मात्र तो एकदाच, १९९६ साली, उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला.

जागतिक क्रमवारी सर्व पृष्ठभागांवरचे ५२ आठवड्यांचे गुण एकत्र मोजते. एखाद्याचे बहुतेक गुण हार्ड कोर्टवरचे असले तरी पॅरिसमध्ये त्याला त्याच क्रमवारीनुसार मानांकन मिळते. भाव ठरवणारे म्हणूनच मातीवरची कामगिरी वेगळी काढतात आणि मोंते कार्लो, माद्रिद आणि रोम इथल्या आधीच्या निकालांना जास्त वजन देतात. तिथेही तारतम्य लागते. माद्रिद समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच आहे. विरळ हवेत चेंडू वेगाने जातो, त्यामुळे जोरदार सर्व्हिस करणाऱ्याला तिथे जे यश मिळते ते पॅरिसमध्ये मिळेलच असे नाही. २०१२ साली माद्रिदची स्पर्धा निळ्या मातीवर झाली. कोर्ट निसरडे असल्याची तक्रार प्रमुख खेळाडूंनी केली आणि पुढच्या वर्षी लाल माती परत आली. त्या वर्षीच्या माद्रिदच्या निकालांवरून पॅरिसचा अंदाज बांधणे धोक्याचे होते.

हवामानाचाही भावावर परिणाम होतो. ऊन तापले की चेंडू हलका आणि चपळ होतो. दमट, थंड हवेत तो माती आणि ओलावा धरून जड होतो. २०२० साली महासाथीमुळे ही स्पर्धा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाली. गारठा होता आणि चेंडूही नव्या कंपनीचे होते. त्या वर्षी महिलांचे विजेतेपद क्रमवारीत ५४व्या स्थानावर असलेल्या इगा श्वियाँतेकने एकही सेट न गमावता मिळवले. मुख्य कोर्टवर त्याच वर्षी छत आले आणि २०२१ पासून रात्रीची सत्रेही सुरू झाली. तेव्हापासून सामना दुपारी उघड्यावर आहे की रात्री, हेही भाव ठरवताना पाहिले जाते.

तीन सेट, पाच सेट आणि सात फेऱ्या

पॅरिसमध्ये पुरुष पाच सेटचे सामने खेळतात, महिला तीन सेटचे. हा फरक भावात थेट उतरतो. एखादा खेळाडू प्रत्येक सेट जिंकण्याची शक्यता ६० टक्के आहे असे धरू. तीन सेटच्या सामन्यात तो जिंकण्याची शक्यता ६४.८ टक्के येते, पाच सेटच्या सामन्यात ६८.३ टक्के. सेटची शक्यता ७५ टक्के असेल तर हेच आकडे ८४.४ आणि ८९.६ होतात. सामना जितका लांब, तितका सरस खेळाडूचा सरसपणा उघड होतो आणि नशिबाचा वाटा घटतो. पुरुषांच्या पहिल्या फेरीत बलाढ्य खेळाडूंचे भाव १.०२ पर्यंत उतरतात ते यामुळेच.

मात्र असा भाव सुरक्षित नसतो. १.०२ च्या भावाने १०० युरो लावले तर नफा २ युरोंचा. एका पराभवाने पन्नास विजयांची कमाई जाते. २००९ साली राफाएल नदाल चार वेळा सलग विजेता ठरलेला होता आणि रोलाँ गारोवर एकही सामना हरलेला नव्हता. चौथ्या फेरीत त्याच्यासमोर होता २३वा मानांकित रॉबिन सोडरलिंग. काही आठवड्यांपूर्वी रोममध्ये नदालने त्याचा ६-१, ६-० असा फडशा पाडला होता. पॅरिसमध्ये मात्र सोडरलिंगने चार सेटमध्ये बाजी मारली. उपलब्ध आकडेवारीत या निकालाची चाहूल लागावी असे काहीच नव्हते.

संपूर्ण स्पर्धेवरच्या सट्ट्यात शक्यतांचा गुणाकार होतो. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ९० टक्के असलेला खेळाडू सातही सामने जिंकण्याची शक्यता फक्त ४८ टक्के राहते. नदालची कारकीर्द या हिशेबाचा उत्तम नमुना आहे. त्याने इथे ११२ सामने जिंकले आणि ४ गमावले, म्हणजे यशाचे प्रमाण ९६.६ टक्के. या दराने सलग सात विजयांची शक्यता ७८ टक्के येते. प्रत्यक्षात १९ वेळा भाग घेऊन तो १४ वेळा विजेता ठरला, म्हणजे सुमारे ७४ टक्के वेळा. टेनिसच्या इतिहासात एका स्पर्धेवर कोणाचेही एवढे वर्चस्व नव्हते. तरीही नदाल जिंकणारच असे समजून पैसे लावणारा चारातून एकदा हरला असता.

दुसऱ्या टोकाला अनपेक्षित विजेते आहेत. १९९७ साली क्रमवारीत ६६वा असलेला ब्राझीलचा ग्युस्ताव्हो कुएर्तेन जिंकला, २००४ साली ४४वा गास्तोन गाऊदिओ आणि २०१७ साली ४७वी येलेना ओस्टापेन्को. २०२५ साली फ्रान्सची ३६१व्या क्रमांकाची लोइस ब्वासाँ थेट उपांत्य फेरीत पोहोचली. अशी नावे निकाल लागल्यावर लक्षात राहतात. त्याच वर्षांत पहिल्या आठवड्यात बाद झालेली, तेवढ्याच क्रमवारीची शेकडो नावे कोणाला आठवत नाहीत. मोठ्या भावाच्या मोहाचे मूळ या निवडक स्मरणात आहे.

पैजांचे प्रकार

सामना कोण जिंकेल ही सर्वांत सोपी पैज. याशिवाय सेटचा नेमका निकाल, एकूण गेम किती होतील, दोघांच्या गेममधला फरक किती राहील, पहिला सेट कोण घेईल, टायब्रेकर होईल का, अशा कितीतरी गोष्टींवर पैसे लागतात. एकतर्फी सामन्यात गेमच्या फरकावरचा सट्टा जास्त चालतो. तिथे बलवान खेळाडूला, उदाहरणार्थ, साडेसहा गेमचा भार दिला जातो आणि त्याला सात किंवा अधिक गेमच्या फरकाने जिंकावे लागते.

अनेक सामने एकत्र बांधलेली पैज बुकींना सर्वांत किफायतशीर ठरते. पाच सामन्यांचे भाव गुणले की मोठी रक्कम दिसते. पण त्याबरोबर बुकीचा वाटाही गुणला जातो. प्रत्येक सामन्यात ५ टक्के जादा धरले तर पाच सामन्यांत ते सुमारे २८ टक्के होतात, आणि १०० युरोंमागे सरासरी ७८ युरोच परत येतात.

खेळाडूने सामना अर्धवट सोडला तर काय, हा मातीवर वारंवार येणारा प्रश्न आहे. चार-चार तास चालणाऱ्या सामन्यांमुळे पोटऱ्या, मांड्या आणि पाठ दगा देतात. काही कंपन्या पहिला चेंडू पडला की पैज ग्राह्य धरतात, काही पहिला सेट पूर्ण व्हावा अशी अट घालतात, तर काही पूर्ण न झालेल्या सामन्याचे पैसे परत करतात. एकाच सामन्यावरच्या दोन पैजांचा निकाल दोन कंपन्यांकडे वेगळा लागू शकतो.

चालू सामन्यातला सट्टा

टेनिसवरच्या सट्ट्याचा मोठा भाग सामना सुरू असताना होतो. प्रत्येक गुणानंतर भाव बदलतो. मातीवर सर्व्हिस वारंवार भेदली जात असल्याने हे चढउतार जास्त असतात. गवतावर एका ब्रेकने सेटचा निकाल लागल्यासारखा वाटतो, मातीवर तो ब्रेक पुढच्याच गेममध्ये परत जाऊ शकतो. २००४ च्या अंतिम सामन्यात गाऊदिओने पहिले दोन सेट ०-६, ३-६ असे गमावले. पाचव्या सेटमध्ये गिलेर्मो कोरियाला दोनदा विजयासाठी एकच गुण हवा होता, पण सामना गाऊदिओने ८-६ असा घेतला. २०२५ च्या अंतिम सामन्यात यानिक सिनर दोन सेटने पुढे होता आणि चौथ्या सेटमध्ये त्याला विजेतेपदाचे तीन गुण मिळाले होते. ५ तास २९ मिनिटांनंतर जिंकला तो कार्लोस अल्काराझ. ही या स्पर्धेची सर्वांत लांबलेली अंतिम लढत. त्यात सिनरने १९३ गुण मिळवले होते, अल्काराझने १९२. टेनिसमध्ये एकूण गुणांपेक्षा ते कधी मिळाले याला महत्त्व असते आणि चालू सामन्यातल्या भावातली अस्थिरता इथूनच येते.

या बाजारात वेळेचीही विषमता आहे. पंच खुर्चीतल्या यंत्रावर गुण नोंदवतात आणि ती माहिती विकत घेणाऱ्या कंपन्यांकडे लगेच पोहोचते. दूरचित्रवाणीवरचे चित्र काही सेकंद मागे असते. घरी बसून पैसे लावणारा जे पाहतो ते कंपनीला आधीच कळलेले असते. याचा उलटा फायदा घेण्यासाठी काही जण प्रेक्षकांत बसून फोनवरून निकाल कळवतात. स्पर्धांच्या नियमांनुसार अशांना बाहेर काढले जाते. छोट्या स्पर्धांत गुणांची नोंद मुद्दाम उशिरा किंवा चुकीची केल्याबद्दल काही पंचांवरही बंदी आली आहे.

फ्रान्सचा कायदा

सट्ट्याच्या इतिहासात पॅरिसचे स्थान जुने आहे. सर्वांचा पैसा एका गल्ल्यात जमा करून, ठरलेला हिस्सा कापून उरलेला विजेत्यांत वाटण्याची पद्धत १८६० च्या दशकात जोसेफ ओलर याने तिथल्याच घोड्यांच्या शर्यतींत आणली. मुंबईच्या महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवरचा टोट याच तत्त्वावर चालतो. टेनिसवरचा सट्टा मात्र बहुतांशी ठरलेल्या भावाचा असतो. पैसे लावताना जो भाव मिळाला तोच अखेरपर्यंत लागू राहतो.

फ्रान्सने मे २०१० च्या कायद्याने ऑनलाइन क्रीडा सट्टा परवाना घेतलेल्या कंपन्यांना खुला केला. २०२० पासून त्यावर राष्ट्रीय जुगार प्राधिकरणाची देखरेख आहे. कोणत्या स्पर्धांवर आणि कोणत्या प्रकारच्या पैजा घेता येतील याची यादी तिथे ठरवून दिलेली असते. ग्राहकांना परत जाणाऱ्या रकमेवर सरासरी ८५ टक्क्यांची कमाल मर्यादा घालण्यात आली. अति आकर्षक भाव व्यसनाला आणि काळा पैसा पांढरा करण्याला वाव देतात, असा त्यामागचा विचार आहे. त्यामुळे फ्रेंच कंपन्यांचे भाव इतर देशांपेक्षा कमी असतात. आपल्या स्पर्धेवर सट्टा घेण्याचा हक्क आयोजकांच्या मालकीचा आहे, असा दावा फ्रेंच टेनिस महासंघाने एका परदेशी कंपनीविरुद्ध केला आणि २००८ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने तो मान्य केला. २०१० च्या कायद्यातही हे तत्त्व आले. परवानाधारक कंपनीला आयोजकाशी करार करावा लागतो. जुगारापासून स्वतःला दूर ठेवू इच्छिणारी व्यक्ती प्राधिकरणाकडे नाव नोंदवू शकते. ही बंदी किमान तीन वर्षांची असते.

निकालनिश्चिती

दोनच खेळाडूंचा खेळ, छोट्या स्पर्धांतले तुटपुंजे मानधन आणि एका गेमवरही लागणारा पैसा, या तिन्हींमुळे टेनिसला निकालनिश्चितीचा धोका मोठा आहे. या खेळाची झोप उडवणारा सामनाही मातीवरचाच होता. ऑगस्ट २००७ मध्ये पोलंडमधल्या सोपोत इथे जगातला चौथ्या क्रमांकाचा निकोलाय दाविदेन्को अर्जेंटिनाच्या मार्टिन व्हासालो अर्ग्वेयोविरुद्ध पहिला सेट जिंकूनही दुखापतीमुळे तिसऱ्या सेटमध्ये बाहेर पडला. त्याने सेट घेतल्यावरही पैसा त्याच्याविरुद्ध वाहत होता. बेटफेअरने या सामन्यावरच्या सर्व पैजा रद्द केल्या. वर्षभराच्या चौकशीत दोन्ही खेळाडू निर्दोष ठरले. पण या प्रकरणानंतर २००८ मध्ये टेनिसने भ्रष्टाचारविरोधी स्वतंत्र पथक नेमले. २०२१ पासून त्याची जागा आंतरराष्ट्रीय टेनिस सचोटी संस्थेने घेतली आहे. व्यावसायिक खेळाडू, प्रशिक्षक आणि पंच यांना कोणत्याही टेनिस सामन्यावर पैसे लावण्यास मनाई आहे, मग तो सामना त्यांचा नसला तरी.

रोलाँ गारोही यातून सुटलेले नाही. २०२० च्या महिला दुहेरीतल्या पहिल्या फेरीच्या एका सामन्यात विशिष्ट गेमवर संशयास्पद रकमा लागल्याचे आढळले आणि पॅरिसच्या सरकारी वकिलांनी चौकशी सुरू केली. संबंधित खेळाडूने आरोप नाकारले. संशय आला तो सामन्याच्या निकालावरून नव्हे, तर एका गेमवरून. बारीकसारीक गोष्टींवरच्या पैजांवर अनेक नियामक बंधने घालतात, ती यासाठीच.

भारतातली स्थिती

भारतात टेनिसवरच्या सट्ट्याला कायद्याचा आधार नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो आणि जिंकलेले पैसे न्यायालयातून वसूल करता येत नाहीत. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ मानण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला, पण तो शर्यतींपुरता होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने, पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो पुरवण्यावर बंदी घातली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला या कायद्याने शिक्षा ठेवलेली नाही. पण बेकायदा ॲपवर किंवा बुकीकडे अडकलेले पैसे सोडवण्याचा मार्गही त्याच्याकडे नसतो. फ्रान्समधल्या ग्राहकाला नियामक, परतीची मर्यादा आणि स्वतःवर बंदी घालून घेण्याची सोय एवढे तरी संरक्षण आहे. बेकायदा बाजारात यातले काहीही नसते आणि भावातला बुकीचा वाटा दोन्हीकडे असतोच.